धातूचा शिणवटा आणि वयस्क विमाने

प्रवासी विमानाचे वय तीन प्रकारे मोजले जाते. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून किती वर्षे लोटली, आकाशात एकूण किती तास गेले आणि जमिनीवरून उठून पुन्हा जमिनीवर उतरण्याच्या किती फेऱ्या झाल्या, ही ती तीन मापे होत. पहिले माप सर्वसामान्य प्रवाशाला कळते. दुसरे इंजिनांच्या देखभालीत उपयोगी पडते. परंतु विमानाच्या धडावर जो पातळ पत्रा असतो, त्याचे खरे वय तिसऱ्या मापानेच ठरते. मुंबईहून पुण्याला जाणारे विमान आणि मुंबईहून लंडनला जाणारे विमान यांच्या उड्डाणकाळात फार मोठे अंतर आहे. असे असूनही पत्र्याच्या वहीत दोन्हींची नोंद सारखीच, म्हणजे एक फेरी, अशी होते. जवळच्या प्रवासात विमान फार उंच जात नाही, त्यामुळे पत्र्यावरील ताण काहीसा कमी राहतो हे खरे. पण अशा विमानाच्या दिवसाला आठ-दहा फेऱ्या होतात, हेही तितकेच खरे आहे.

जेट विमान दहा-अकरा हजार मीटर उंचीवरून जाते. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या चौथ्या हिश्शाइतकाच असतो आणि तेवढ्या विरळ हवेत माणूस काही मिनिटेही शुद्धीवर राहू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत हवा भरून दाब वाढवावा लागतो. विमान वर चढू लागले की आतील आणि बाहेरील दाबांतील फरक वाढत जातो व धड किंचित फुगते. विमान खाली उतरले की ते पूर्ववत होते. सायकलच्या नळीत हवा भरावी, सोडावी आणि पुन्हा भरावी, तसाच हा प्रकार आहे. मात्र येथे नळी रबराची नसून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि तिची जाडी पोस्टकार्डाच्या तीन-चार पटींहून अधिक नसते.

शाळेतील वरच्या वर्गाला सहज करता येईल असा एक हिशेब येथे पाहण्यासारखा आहे. बोइंग ७३७ जातीच्या विमानाच्या धडाची रुंदी सुमारे ३.७६ मीटर असून आतील व बाहेरील दाबांतील कमाल फरक दर चौरस मीटरला सव्वापाच टनांच्या आसपास असतो. म्हणजे धडाच्या प्रत्येक मीटर लांबीत वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागापासून सुमारे वीस टन बलाने दूर ढकलला जातो. हे बल डाव्या व उजव्या बाजूंच्या पत्र्यांत विभागले, तर प्रत्येकी दहा टन येतात. पत्र्याच्या दर सेंटिमीटर लांबीवर हा ताण शंभर किलोंचा झाला. जुन्या ७३७ विमानांच्या पत्र्याची जाडी सुमारे ०.९ मिलिमीटर होती. तेव्हा दर चौरस मिलिमीटरवर अकरा किलोंच्या जवळपास ताण येतो. हा मिश्रधातू तुटण्यासाठी याच्या चौपट ताण लागतो. वरवर पाहता काळजीचे कारण दिसत नाही.

काळजी सुरू होते ती छिद्रापाशी. पत्र्याला छिद्र पाडले की त्याच्या काठावर ताण एकवटतो आणि तो आसपासच्या ताणाच्या जवळजवळ तिप्पट होतो. विमानाच्या धडाला खिडक्या असतात, दारे असतात आणि एक पत्रा दुसऱ्यावर चढवून जोडताना मारलेल्या रिव्हेटांची हजारो छिद्रे असतात. त्या प्रत्येक छिद्राच्या काठावर प्रत्येक उड्डाणात एकदा हा वाढीव ताण येतो आणि जातो.

शिणवटा म्हणजे काय

लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार एकाच जागी दहा-वीस वेळा इकडून तिकडे वाकवली की सहज तुटते. एका वेळी जो ताण धातूला काहीच करू शकत नाही, तो हजारो वेळा आला तर धातूचा भंग होतो. यालाच धातूचा शिणवटा म्हणतात. बैलगाडीचा किंवा आगगाडीचा आस वर्षानुवर्षे भार वाहून एके दिवशी साध्या रस्त्यावर मोडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. आगगाड्यांच्या आसांमुळेच हा विषय प्रथम अभ्यासकांपुढे आला. १८४२ मध्ये फ्रान्समधील व्हर्सायजवळ इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. पुढे जर्मनीतील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याने १८५० नंतरच्या दोन दशकांत आसांवर पुन्हा पुन्हा भार देऊन पद्धतशीर प्रयोग केले आणि भंगासाठी ताणाच्या मोठेपणाइतकीच त्याच्या आवर्तनांची संख्याही महत्त्वाची असते, हे दाखवून दिले.

शिणवट्याचा तडा फार सूक्ष्म रूपाने जन्मतो. प्रत्येक आवर्तनात तो मिलिमीटरच्या हजारांश भागाइतका किंवा त्याहूनही कमी पुढे सरकतो. मोडलेल्या तुकड्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर भरती-ओहोटीने वाळूवर उमटलेल्या रेषांसारख्या बारीक रेषा दिसतात आणि त्यांवरून तज्ज्ञ तड्याचे वय मोजतात. तडा लांबत जातो तसा त्याचा वेगही वाढतो. शेवटी उरलेल्या धातूला भार पेलवेनासा होतो आणि मग क्षणार्धात सारे संपते. आयुष्यातील बहुतेक काळ तडा अदृश्य असतो. तो डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा हाती थोडाच अवधी उरलेला असतो.

कॉमेटचा धडा

जगातील पहिली जेट प्रवासी सेवा ब्रिटनच्या कॉमेट विमानाने २ मे १९५२ रोजी लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर सुरू केली. प्रवासाचा वेळ एकदम कमी झाल्याने सर्वत्र या विमानाचा गाजावाजा झाला. १० जानेवारी १९५४ रोजी सिंगापूरहून कलकत्ता, कराची या मार्गाने लंडनकडे निघालेले एक कॉमेट रोमहून उठल्यावर थोड्याच वेळात एल्बा बेटाजवळ समुद्रावर विदीर्ण झाले आणि त्यातील ३५ जण मृत्युमुखी पडले. कारण कळेना. काही सुधारणा करून विमाने पुन्हा सुरू करण्यात आली. ८ एप्रिल रोजी दुसरे कॉमेट नेपल्सनजीक तशाच रीतीने कोसळले आणि आणखी २१ जण गेले. ही विमाने जुनी नव्हती. पहिल्याच्या सुमारे १,२९० आणि दुसऱ्याच्या ९०० फेऱ्या झालेल्या होत्या.

ब्रिटिश नौदलाने समुद्रतळातून अवशेष काढले आणि फार्नबरो येथील शाही विमान संशोधन संस्थेत सर आर्नल्ड हॉल यांच्या नेतृत्वाखाली तपास सुरू झाला. तेथे योजलेली परीक्षा साधी पण कल्पक होती. वापरातील एक कॉमेट प्रचंड टाकीत ठेवून त्याचे धड आतून-बाहेरून पाण्याने भरले आणि आतील पाण्याचा दाब काही मिनिटांच्या अंतराने वाढवत-घटवत राहिले. पाणी निवडण्याचे कारण असे की हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. हवा भरून प्रयोग केला असता तर धड फुटताच बॉम्बसारखा स्फोट होऊन सारा पुरावा नष्ट झाला असता. पाण्यात मात्र तडा जेथे फुटला तेथेच थांबला. विमानाच्या पूर्वीच्या फेऱ्या धरून ३,०५७ आवर्तने झाली, तेव्हा एका खिडकीच्या कोपऱ्यापासून धड उकलले. त्या कोपऱ्यावर येणारा ताण धातूच्या अंतिम बळाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत जात असल्याचे आढळले.

कॉमेटच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून विमाने पडली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. कोपरे गोलसर केलेले होते, पण पुरेसे नव्हते. आणि एल्बाजवळच्या विमानात पहिला तडा प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे, तर छपरावरील बिनतारी यंत्राच्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी सुरू झाला होता. याहून अधिक उद्बोधक बाब वेगळीच आहे. निर्मात्यांनी धडाच्या एका भागाची परीक्षा आधीच घेतली होती आणि तो भाग सोळा हजारांहून अधिक आवर्तने टिकला होता. मग प्रत्यक्षात एक हजारातच भंग का व्हावा? ज्या भागाची परीक्षा घेतली त्यावर प्रथम नेहमीच्या दुप्पट दाब देऊन पाहिला होता. त्या जास्तीच्या दाबाने कोपऱ्यांतील धातू किंचित ताणला गेला, दाब काढल्यावर आवळून बसला आणि त्यामुळेच पुढच्या आवर्तनांना अधिक काळ पुरला. प्रवाशांना वाहून नेणाऱ्या विमानांना हे बळ मिळालेले नव्हते. प्रामाणिकपणे घेतलेल्या परीक्षेनेच निर्मात्यांना खोटा दिलासा दिला.

तडा गृहीत धरणारी रचना

कॉमेटनंतरच्या अभियंत्यांनी असा विचार केला की एखादा भाग मोडला तरी शेजारच्या भागांनी त्याचा भार उचलावा. धडाच्या आतून ठराविक अंतरावर धातूच्या पट्ट्या बसवण्यात आल्या. तडा धावत आला तर पट्टीपाशी अडावा, वळावा, पत्र्याचा एक छोटा पदर उघडावा आणि हवा हळूहळू निघून जावी, अशी ही योजना होती. १४ मे १९७७ रोजी झांबियातील लुसाका येथे एका जुन्या बोइंग ७०७ मालवाहू विमानाच्या शेपटाचा एका बाजूचा आडवा पंख शिणवट्याने तुटला. शेजारचा भाग भार उचलील हे खरे; पण पहिला भाग तुटल्याचे कोणाच्या लक्षातच आले नाही तर काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. १९७८ मध्ये अमेरिकेने नियम बदलला. धातूत दोष आहे असे आधीच गृहीत धरावे, तडा किती फेऱ्यांत किती वाढेल याचे गणित मांडावे आणि तो घातक होण्यापूर्वी निदान एक-दोन वेळा तरी सापडेल अशा अंतराने तपासणी ठरवावी, असा नव्या विचाराचा गाभा होता. विमानाची सुरक्षितता अशा रीतीने आरेखकाच्या टेबलावरून तपासनिसाच्या हातातील दिव्याकडे आली.

या विचाराची कठोर कसोटी हवाई बेटांवर लागली.

हवाई बेटांवरील २८ एप्रिल १९८८

अलोहा एअरलाइन्सचे एक बोइंग ७३७ विमान त्या दिवशी दुपारी हिलो येथून होनोलुलूकडे निघाले. विमानात ८९ प्रवासी आणि वैमानिककक्षातील एका निरीक्षकासह अन्य सहा जण होते. चोवीस हजार फुटांवर पोचताच मोठा आवाज झाला आणि पुढच्या दारामागील सुमारे अठरा फूट लांबीचे छप्पर, बाजूच्या पत्र्यांसह, उडून गेले. प्रवाशांच्या डोक्यावर निळे आकाश आले. प्रवासी पट्टे बांधून बसलेले होते म्हणून वाचले. प्रवाशांची सेवा करीत उभ्या असलेल्या क्लॅराबेल लान्सिंग या ज्येष्ठ परिचारिका मात्र बाहेर फेकल्या गेल्या आणि त्यांचा देहही पुढे सापडला नाही. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टाइमर आणि सहवैमानिक मॅडेलिन टॉम्पकिन्स यांनी तेरा मिनिटांत ते विमान माउई बेटावरील काहुलुई विमानतळावर उतरवले. ६५ जण जखमी झाले.

हे विमान १९६९ साली बांधलेले होते. उड्डाणाचे तास ३५,४९६ आणि फेऱ्या ८९,६८०, म्हणजे एक फेरी सरासरी चोवीस मिनिटांची. निर्मात्यांनी या जातीसाठी ५१,००० तास आणि ७५,००० फेऱ्या असे लक्ष्य धरले होते. तासांच्या हिशेबाने विमान अजून तरुण होते. फेऱ्यांच्या हिशेबाने ते आपले नियोजित आयुष्य ओलांडून बरेच पुढे गेले होते. त्यात भर खाऱ्या, दमट समुद्री हवेची.

दोष कोठे होता? या जातीच्या सुरुवातीच्या विमानांत पत्र्यांचे सांधे केवळ रिव्हेटांवर अवलंबून नव्हते. दोन पत्र्यांच्या मध्ये चिकटद्रव्यात भिजवलेले पातळ कापड घालून ते सामान्य तापमानात सुकवले जाई. भार चिकटलेल्या संपूर्ण पृष्ठभागातून जावा आणि रिव्हेटांवर थोडाच यावा, अशी अपेक्षा होती. चिकटद्रव्य शीतगृहात ठेवावे लागे. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरे. पत्रा नीट स्वच्छ झालेला नसे. अशा कारणांनी काही सांधे नीट चिकटलेच नाहीत. १९७२ पासून ही पद्धत सोडून देण्यात आली, परंतु आधीची विमाने उडतच राहिली. सुटलेल्या सांध्यात ओलावा शिरला, धातूचे क्षरण झाले आणि त्यातून निर्माण झालेल्या पांढऱ्या भुकटीने दोन पत्रे एकमेकांपासून आणखी दूर लोटले. सारा भार रिव्हेटांवर आला. हवेचा अडथळा होऊ नये म्हणून रिव्हेटाचे डोके पत्र्यात बुडवलेले असते. पत्रा इतका पातळ होता की त्यासाठी कोरलेल्या खळग्याची कड सुरीच्या धारेसारखी झाली होती. तडा सुरू होण्यास याहून सोयीची जागा नाही.

तडा एकाच ठिकाणी असता तर आतील पट्ट्यांनी तो अडवला असता. येथे एका ओळीतील अनेक छिद्रांपासून एकाच वेळी बारीक तडे निघालेले होते. टपाल तिकिटांचा ताव डोळ्यांपुढे आणला म्हणजे हे समजेल. त्यातील एक भोक फाटले तर ताव फाटत नाही. पण भोकाभोकांमधील कागद आधीच कुरतडलेला असेल, तर हलक्या झटक्यानेही तिकीट सरळ रेषेत वेगळे होते. पट्ट्यांची योजना एका मोठ्या तड्यासाठी होती. शेजारशेजारच्या शेकडो लहान तड्यांचा विचार तीत नव्हता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने आपल्या अहवालात मुख्य ठपका कंपनीच्या देखभाल व्यवस्थेवर ठेवला. सांधे सुटल्याची व तडे गेल्याची चिन्हे त्या व्यवस्थेला दिसावयास हवी होती. निर्मात्यांनी सर्व सांधे तपासण्याची सूचना दिली असताना १९८७ च्या सरकारी आदेशात मात्र केवळ वरच्या काही सांध्यांची तपासणी सक्तीची करण्यात आली होती. जो सांधा प्रथम उकलला असे मंडळाला वाटले तो त्या आदेशात नव्हता. सूचनेतील व आदेशातील हे अंतर कागदावर एका ओळीचे आहे.

त्याच अहवालात तपासनिसाच्या कामाचेही वर्णन आहे आणि ते कोणत्याही खात्यातील अधिकाऱ्याने वाचावे असे आहे. विमान दिवसभर उडत असल्याने तपासणी रात्री होई. माणसाने दोर बांधून धडाच्या गोल माथ्यावर चढावे, दिव्याच्या प्रकाशात एकसारख्या दिसणाऱ्या शेकडो रिव्हेटांपैकी प्रत्येकाकडे निरखून पाहावे आणि पहाटेच्या उड्डाणापूर्वी सही करावी, अशी रीत होती. ज्याची अपेक्षाच नाही ते शोधताना डोळा दमतो, मन दुसरीकडे जाते. अशा कामात केवळ माणसाच्या दक्षतेवर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, असे मंडळाचे म्हणणे होते.

आणखी एक नोंद. त्या दिवशी विमानात चढताना एका महिला प्रवाशाला दाराजवळ, रिव्हेटांच्या ओळीत, लांबट तडा दिसला होता. तिने तो कोणालाही सांगितला नाही.

ठिगळाखालचा तडा

वयाने येणाऱ्या शिणवट्याइतकाच दुरुस्तीतून शिरणारा शिणवटा घातक असतो. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये बोइंग ७४७ विमान कोसळून ५२० जण मरण पावले. सात वर्षांपूर्वी शेपूट धावपट्टीला घासल्यावर त्या विमानाच्या मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती झाली होती. जेथे रिव्हेटांच्या दोन ओळींनी भार घ्यावयाचा तेथे एकाच ओळीवर तो आला आणि बारा हजारांहून अधिक उड्डाणांनंतर भिंत फाटली. २५ मे २००२ रोजी तैवानजवळ दुसऱ्या एका ७४७ चे आकाशात तुकडे होऊन २२५ जण गेले. त्याचेही शेपूट १९८० मध्ये घासले होते. ओरखडे पूर्णपणे काढून न टाकता त्यांवर पत्र्याचे ठिगळ मारण्यात आले. ठिगळाने पत्रा मजबूत दिसू लागला आणि खालचा तडा बावीस वर्षे बाहेरच्या नजरेपासून झाकला गेला.

झाकलेला तडा शोधण्याची साधने आता बरीच सुधारली आहेत. तारेच्या वेटोळ्यातून विद्युतप्रवाह सोडून पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करतात. मध्ये तडा असला की प्रवाहाची वाट बदलते आणि यंत्राचा काटा हलतो. कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनीचे प्रतिध्वनी, क्ष-किरणांची छायाचित्रे, तड्यात झिरपणारे रंगीत द्रव अशीही साधने आहेत. अलोहा अपघातानंतर अमेरिकेत वयस्क विमानांवर स्वतंत्र संशोधन सुरू झाले. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने तर एक जुने ७३७ विमान ठेवून त्यावर ही साधने आणि ती वापरणारी माणसे, दोन्हींची परीक्षा घेतली. २०१० मध्ये तेथील सरकारने मोठ्या प्रवासी विमानांच्या प्रत्येक जातीसाठी फेऱ्यांची वा तासांची अंतिम मर्यादा घालण्याचा नियम केला. त्या मर्यादेपलीकडे, नवा अभ्यास करून ती वाढवून घेतल्याखेरीज, विमान उडवता येत नाही.

नियम होऊन काही महिने झाले नाहीत तोच, १ एप्रिल २०११ रोजी, साउथवेस्ट कंपनीच्या बोइंग ७३७ विमानाच्या छपराला ॲरिझोनावर पाच फूट लांबीचे भोक पडले. वैमानिकांनी विमान युमा येथे सुखरूप उतरवले. प्राणहानी झाली नाही. विमान १९९६ चे होते आणि त्याच्या सुमारे चाळीस हजार फेऱ्या झाल्या होत्या. त्या सांध्याची तपासणी साठ हजार फेऱ्यांनंतर सुरू करावी, असे गणित सांगत होते. फाटलेल्या पत्र्याचा तुकडा प्रयोगशाळेत उलगडला तेव्हा वरच्या आणि खालच्या पत्र्यांची छिद्रे एकमेकांशी जुळत नसल्याचे दिसले. विमान कारखान्यात असतानाच तो पत्रा बदलण्यात आला होता आणि छिद्रे वाकडीतिकडी पाडून रिव्हेट मारण्यात आले होते. गणितात प्रत्येक छिद्र गोल धरलेले होते. या घटनेनंतर त्या जातीच्या जुन्या विमानांच्या सांध्यांची विद्युतप्रवाहाने तपासणी तीस हजार फेऱ्यांपासूनच सुरू करावी, असा आदेश निघाला.